सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी घरी उबवताना दमटपणा कसा सांभाळावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातून आणि शेजारच्या दोडामार्ग-सावंतवाडी भागातून सरपटणारे प्राणी पाळणारे लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. तापमानाबद्दल बहुतेकांनी पुष्कळ वाचलेले असते. दमटपणाबद्दलच्या सूचना मात्र थंड, कोरड्या देशांतील घरे गृहीत धरून लिहिलेल्या असतात आणि त्या आपल्याकडे जशाच्या तशा वापरल्या, की अंडी एक तर सुकतात, नाही तर ओलीने गुदमरतात. एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्यात येत असेल तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. घरी कोणत्या प्राण्यांची अंडी उबवता येतात? गोव्यात त्यासाठी नोंदणी लागते का?

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षित असलेले आपले देशी प्राणी, म्हणजे अजगर, घोरपड, नाग, तारा कासव इत्यादी, घरी पाळता येत नाहीत आणि त्यांची अंडीही उचलता येत नाहीत. येथील सर्व उत्तरे कायदेशीररीत्या बाळगलेल्या परदेशी प्राण्यांविषयी आहेत. २०२२ च्या दुरुस्तीने या अधिनियमात संकटग्रस्त वन्य प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराविषयीच्या (साइट्स) कराराखालील प्रजातींसाठी अनुसूची ४ आली आणि ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. बॉल पायथन, हिरवा इग्वाना, सल्काटा कासव हे प्राणी त्या कराराच्या कक्षेत येतात. त्यांची नोंदणी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावरून करावी लागते, आणि घरी पिल्ले झाली तर त्यांचीही नोंद द्यावी लागते. इतर कोणत्याही प्राण्याबाबत मादी अंड्यावर येण्यापूर्वीच वनखात्याकडे विचारणा करावी. पिल्ले बाहेर आल्यावर कागदपत्रे शोधत बसण्याची वेळ येऊ नये, कारण त्याचा त्रास शेवटी पिल्लांनाच होतो. कुंडीत किंवा परसात सापडलेल्या अंड्यांबद्दल प्रश्न १७ पाहावा.

२. अंड्याला बाहेरून पाणी लागतेच कशाला? कोंबडीच्या अंड्याला तर कोणी पाणी घालत नाही.

कोंबडीचे अंडे पाण्याचा सगळा साठा आतच घेऊन येते आणि उबवणीच्या काळात त्यातले काही पाणी बाहेर टाकते. बहुतेक सापांची आणि अनेक सरड्यांची अंडी याच्या उलट वागतात. त्यांचे कवच कमावलेल्या पातळ कातड्यासारखे चिवट व लवचीक असते आणि त्यातून पाणी दोन्ही दिशांनी ये-जा करते. भोवताली पुरेसा ओलावा असेल तर असे अंडे पाणी शोषून घेते, फुगते आणि त्याचे वजनही वाढते. ओलावा नसेल तर ते आतले पाणी गमावते, कवच आत ओढले जाते आणि गर्भ सुकून मरतो. गर्भाला पिवळ्या बलकातले अन्न वापरण्यासाठीही पाणी लागते. लवचीक कवचाच्या कासवांच्या अंड्यांवर झालेल्या अभ्यासांतून असे दिसले आहे, की ओल्या माध्यमात (म्हणजे अंडी ज्यात अर्धी रुतवून ठेवतात त्या पदार्थात) उबवलेली पिल्ले कोरड्या माध्यमातल्या पिल्लांपेक्षा आकाराने मोठी निघतात.

कठीण कवचाची अंडी वेगळी वागतात. त्यांच्याविषयी प्रश्न ११ मध्ये लिहिले आहे.

३. जून ते सप्टेंबर गोव्यात हवा इतकी दमट असते, की भिंतींना पाणी सुटते. मग पेटीत वेगळे पाणी कशासाठी?

सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न हाच आहे आणि अंडी सुकण्याचे येथील सर्वांत मोठे कारणही याच समजुतीत आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

सापेक्ष आर्द्रता म्हणजे हवेत असलेले बाष्प आणि त्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त मावू शकणारे बाष्प यांचे प्रमाण. हवा तापली, की तिच्यात मावणारे बाष्प वाढते, पण प्रत्यक्ष असलेले बाष्प तेवढेच राहते. जुलैतल्या एखाद्या दिवशी खोलीत २६ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता आहे असे धरू. २६ अंशाला एका घनमीटर हवेत सुमारे २४.४ ग्रॅम बाष्प मावते, म्हणजे त्या खोलीत घनमीटरमागे सुमारे २२ ग्रॅम बाष्प आहे. तीच हवा उबवणीच्या पेटीत ३१ अंशांपर्यंत तापवली, तर तेथे सुमारे ३२ ग्रॅम बाष्प मावू शकते. बाष्प मात्र २२ ग्रॅमच. आर्द्रता ९० वरून ६८ टक्क्यांवर आली. बॉल पायथनच्या अंड्यांना ६८ टक्के कोरडेच पडतात.

जानेवारीत हाच हिशेब आणखी बिघडतो. पहाटे २० अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असलेली हवा ३१ अंशांपर्यंत तापवली, तर आर्द्रता ४६ टक्क्यांच्या आसपास उरते. दिवसा घाटाकडून कोरडे वारे येत असतील तर तीही राहत नाही. म्हणजे पावसाळा असो की हिवाळा, पेटी खोलीपेक्षा जितकी जास्त गरम, तितकी आतली हवा कोरडी. बाहेर पाऊस कोसळत असला तरी अंड्यांना लागणारा ओलावा पेटीत ठेवलेल्या अंड्यांच्या डब्यातल्या माध्यमातूनच आला पाहिजे. खोलीच्या हवेवर भिस्त ठेवू नये. पावसाळ्यात फायदा होतो तो इतकाच, की डब्यातले पाणी सावकाश उडते.

४. मग दमटपणा नेमका किती टक्के ठेवावा?

लवचीक कवचाच्या अंड्यांसाठी, म्हणजे बॉल पायथन व कॉर्न स्नेक हे साप आणि बियर्डेड ड्रॅगन हा सरडा यांच्यासाठी, बंद डब्यातली हवा ९० टक्क्यांच्या वर असावी. बॉल पायथनची अंडी ३१ ते ३२ अंशांवर सुमारे ५५ ते ६० दिवस घेतात. कॉर्न स्नेकची अंडी २६ ते २९ अंशांवर साधारण दोन महिने, आणि बियर्डेड ड्रॅगनची २८ ते २९ अंशांवर दोन महिने किंवा थोडे अधिक. सल्काटा कासवाच्या कठीण अंड्यांना ७० ते ८० टक्के पुरतात, आणि त्यांना तीन महिन्यांहून अधिक काळ लागतो.

तरीही टक्क्यांच्या मागे फार लागू नये. अंडे ज्या माध्यमात अर्धे रुतलेले आहे त्या माध्यमात किती पाणी आहे, यावर त्याचे पाणी शोषणे अधिक अवलंबून असते. डब्यातली हवा ९५ टक्के दाखवत असेल आणि माध्यम चिखल झाले असेल, तर तो आकडा कितीही समाधान देणारा असला तरी अंडी धोक्यात आहेत.

५. कोणते माध्यम घ्यावे आणि त्यात पाणी किती घालावे?

व्हर्मिक्युलाईट आणि पर्लाईट ही फुगवलेल्या खनिजांची दोन हलकी, दाणेदार माध्यमे सर्वांत भरवशाची. दोन्ही रोपवाटिकांत मिळतात. मात्र खत मिसळलेली पिशवी घेऊ नये. कोकोपीट स्वस्त आणि मुबलक आहे, पण त्यात अनेकदा क्षार असतात आणि बुरशीही त्यावर लवकर धरते. ते वापरायचेच असेल तर दोन-तीन पाण्यांतून धुऊन घ्यावे.

पाण्याचे प्रमाण नेहमी वजनावर मोजावे. वाटीने मोजले तर चूक होते, कारण कोरडे व्हर्मिक्युलाईट अतिशय हलके असते. लवचीक कवचाच्या अंड्यांसाठी १०० ग्रॅम व्हर्मिक्युलाईटला ८० ते १०० ग्रॅम पाणी ही सुरक्षित मर्यादा आहे. नवख्या माणसाने ८० कडे राहावे, कारण कमी पडलेले पाणी नंतर घालता येते, पण जास्त झालेले काढता येत नाही. नीट कालवून मूठभर माध्यम हातात दाबावे. गोळा बांधला गेला पाहिजे, पण बोटांच्या फटींतून पाण्याचा थेंब येता कामा नये. थेंब आला तर आणखी कोरडे माध्यम मिसळावे.

येथे पावसाळ्यात एक अडचण येते, जी परदेशी सूचनांत लिहिलेली नसते. उघडी राहिलेली व्हर्मिक्युलाईटची पिशवी जूनपासून हवेतला ओलावा घेत राहते आणि कोकोपीट तर त्याहून अधिक घेते. मग तुम्ही ‘कोरडे’ म्हणून मोजलेल्या १०० ग्रॅममध्ये आधीच पाणी असते आणि वर आणखी १०० ग्रॅम घातले, की प्रमाण ओलांडले जाते. म्हणून पावसाळ्यात माध्यम स्टीलच्या परातीत पसरून मंद आचेवर किंवा ओव्हनमध्ये आधी सुकवावे, पूर्ण निवू द्यावे आणि मगच वजन करावे. उरलेले घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावे.

डब्यात माध्यमाचा थर निदान पाच-सहा सेंटीमीटर असावा. थर पातळ असला, की ओलावा दोन दिवसांत बदलतो. जाड असला, की तो आठवडेच्या आठवडे टिकतो.

६. किनाऱ्यावरची वाळू आणि विहिरीचे पाणी चालेल का? समुद्री कासवे तर वाळूतच अंडी घालतात.

किनाऱ्यावरची वाळू वापरू नये. तिच्यातले मीठ माध्यमातले पाणी धरून ठेवते, आणि वाळू ओली दिसत असूनही अंड्याला ते पाणी मिळत नाही. मोरजी, आगोंद किंवा गालजीबागच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले मादी भरतीच्या रेषेच्या वर घरटे करते, तेथली खोल वाळू, तिचा ओलावा आणि तापमान हे सगळे वेगळेच असते. कासवाच्या अंड्यांची ती व्यवस्था डब्यात उतरवता येत नाही. वाळूच हवी असेल तर नदीची, धुतलेली, भट्टीवर सुकवलेली घ्यावी. पण व्हर्मिक्युलाईट मिळत असताना वाळूच्या वाटेला जाण्याचे कारण मला दिसत नाही. ती जड असते आणि तिला जास्तीचे पाणी सामावून घेता येत नाही.

पाण्यासाठी उकळून निवलेले किंवा आरओचे पाणी वापरावे. खाडीकाठच्या गावांत विहिरीच्या पाण्याला उन्हाळ्यात खारटपणा येतो, ते टाळावे.

७. माझा डिजिटल हायग्रोमीटर (आर्द्रतामापक) सतत ९९ दाखवतो. तो खरा मानावा का?

मानू नये. स्वस्त हायग्रोमीटरची अचूकता साधारण पाच टक्के इकडे-तिकडे असते आणि ९० च्या वर ती आणखी बिघडते. सेन्सरवर एकदा पाणी साचले, की तो वाळेपर्यंत कमाल आकडाच दाखवत राहतो.

मिठाची चाचणी मात्र प्रत्येकाने करावी, ती घरच्या घरी होते. बाटलीच्या बुचात मीठ घेऊन त्यात काही थेंब पाणी घालावे. मीठ ओले, दाट लगद्यासारखे व्हावे, पण विरघळून जाऊ नये. ते बूच आणि हायग्रोमीटर एकाच घट्ट बंद पिशवीत किंवा डब्यात, सारख्या तापमानाच्या जागी, निदान १२ तास ठेवावे. संपृक्त मिठावरच्या हवेची आर्द्रता ७५ टक्के असते. यंत्र ७० दाखवत असेल तर ते पाचने कमी सांगते हे लक्षात ठेवून आकडा वाचावा. या चाचणीसाठी मिठागरातले जाडे मीठ घेऊ नये. आगरवाड्याचे किंवा रायबंदरचे मीठ स्वयंपाकात उत्तम, पण त्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात. ते हवेतला ओलावा ओढून घेतात आणि त्यामुळे आकडा ७५ च्या खाली येतो. पाकिटातले शुद्ध केलेले मीठ घ्यावे.

एवढे करूनही ९५ आणि ९९ यांतला फरक हे यंत्र सांगू शकणार नाही. त्यासाठी पुढचा प्रश्न वाचावा.

८. मग ओलावा कमी झाला हे कळायचे कसे?

डब्याचे वजन करून. माझ्या मते या संपूर्ण विषयातली सर्वांत उपयोगी सवय हीच आहे. एक ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्यावा. अंडी मांडून, झाकण लावून डबा तयार झाला, की त्याचे वजन डब्यावरच चिकटपट्टीवर लिहावे. समजा ते १२४० ग्रॅम आहे. आठवड्याने १२३२ भरले तर आठ ग्रॅम पाणी उडून गेले. पेटीतच ठेवून पेटीच्या तापमानाला आलेले आठ ग्रॅम पाणी ड्रॉपरने किंवा सुई काढलेल्या सिरिंजने डब्याच्या कडेने, अंड्यांपासून दूर घालावे. अंड्यांवर थेट पाणी फवारू नये.

अंड्यांनी माध्यमातून शोषलेले पाणी डब्यातच राहते, त्यामुळे त्याने एकूण वजन बदलत नाही. अंडी मोठी आणि माध्यम थोडे असेल, तर वजन तेच राहूनही माध्यम हळूहळू कोरडे होत जाते. म्हणून महिन्यानंतर एका कोपऱ्यातले चिमूटभर माध्यम बोटांत घेऊन त्याचा ओलावा प्रत्यक्ष पाहावा.

वजन करताना डबा हलक्या हाताने उचलावा, कलंडू देऊ नये. कारण प्रश्न १३ मध्ये आहे.

९. झाकणावर थेंब साचतात. हे चांगले की वाईट?

झाकणाच्या आतल्या बाजूवर पुसटसे धुके असेल तर काळजी नाही. मोठे थेंब लोंबून अंड्यांवर टपकत असतील तर ते थांबवलेच पाहिजेत, कारण अंड्याच्या वरच्या भागावर पाण्याचा थर राहिला तर तेथून प्राणवायू आत जात नाही.

थेंब दिसले म्हणजे पाणी जास्त झाले, असे मात्र लगेच समजू नये. डब्यात ३१ अंश आणि ९५ टक्के आर्द्रता असेल तर झाकण केवळ एका अंशाने गार झाले तरी त्यावर पाणी धरते. म्हणजे थेंबांचे कारण बहुधा तापमानातला फरक असतो. हीट मॅट फक्त खालून असेल तर तळ गरम, झाकण गार, आणि पाणी तळातून उडून वर जमत राहते. खालचे माध्यम सुकते, वरून अंडी भिजतात, आणि पाहणाऱ्याला वाटते, की डब्यात पाणी भरपूर आहे. अशा वेळी उष्णता पेटीच्या बाजूंनी किंवा वरून द्यावी, पेटीला थर्माकोलचे आवरण करावे, डबा उष्ण पृष्ठभागावर थेट न ठेवता जाळीवर ठेवावा. तोपर्यंत झाकण एका बाजूने किंचित उंच करावे, म्हणजे थेंब कडेने ओघळतील. झाकण उघडले, की ते कोरड्या कापडाने पुसून लावावे.

१०. डब्याला भोके पाडावीत का? भोके पाडली, की ओलावा जातो.

गर्भ श्वास घेतो आणि उबवणीच्या शेवटच्या तिसऱ्या भागात त्याची प्राणवायूची गरज बरीच वाढते. डबा हवाबंद असेल तर पहिला महिना आठवड्यातून एकदा झाकण काढून काही सेकंद वारा घालावा, त्यानंतर दोन-तीन दिवसांनी एकदा. हे नियमाने करणे जमणार नसेल तर दोन समोरासमोरच्या बाजूंना टाचणीएवढी दोन-दोन भोके पुरतात. मोठी भोके पाडून नंतर पाणी ओतत राहणे हा उलटा उद्योग आहे.

भोकांवर बारीक जाळी लावावी. आपल्याकडे कुबड्या, अगदी लहान माश्या पावसाळ्यात कोठूनही आत शिरतात. खराब झालेल्या अंड्यात त्या अंडी घालतात, आणि त्यांच्या अळ्या शेजारच्या चांगल्या अंड्यांतही घुसतात. मुंग्यांसाठी पेटीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत. पेटीजवळ कीटकनाशक फवारू नये.

११. सल्काटाची अंडी कठीण आहेत. त्यांनाही हेच प्रमाण?

नाही. कठीण कवचाचे अंडे बाहेरून फारसे पाणी घेत नाही. जास्त ओल राहिली तर कवचाला तडे जाण्याचा आणि बुरशीचा धोका असतो. त्यांच्यासाठी माध्यम बरेच कोरडे, म्हणजे वजनाने पाण्याचे प्रमाण निम्मे किंवा त्याहून कमी ठेवावे. किंवा अंडी कोरड्या माध्यमात ठेवून पेटीत वेगळी पाण्याची वाटी ठेवावी. वजनात सावकाश होणारी घट येथे अपेक्षितच असते.

कासवांची सगळी अंडी मात्र कठीण नसतात. रेड-इअर्ड स्लायडरची अंडी लवचीक कवचाची असतात आणि त्यांना ओले माध्यम लागते. या कासवांची पैदास करण्यापूर्वी पिल्ले कोणाकडे जाणार याचा पूर्ण विचार करावा. तळ्यांत, मानशीत किंवा खाडीत सोडलेली ही कासवे देशी जिवांच्या मुळावर येतात.

एकाच पेटीत दोन प्रकारची अंडी ठेवायची असतील तर तापमान जुळत असल्याची खात्री करावी आणि प्रत्येकाचा ओलावा त्याच्या स्वतंत्र बंद डब्यात सांभाळावा.

१२. अंडी पिचकली आहेत. मेली का?

कधी पिचकली, यावर उत्तर अवलंबून आहे. पहिल्या काही आठवड्यांत अंड्यावर खळगा पडला आणि रंग पांढराच असेल, तर ते तहानलेले आहे. प्रश्न ८ मध्ये सांगितल्याप्रमाणे कडेने थोडे पाणी घालावे आणि अंड्याच्या बाजूंना ओलसर, पिळून काढलेले स्फॅग्नम शेवाळ लावावे. खळगा एक-दोन दिवसांत भरून येऊ लागतो. घाई करून एकदम पुष्कळ पाणी ओतू नये.

उबवणीच्या शेवटच्या आठवड्या-दोन आठवड्यांत सापांच्या अंड्यांवर खळगे पडणे स्वाभाविक आहे. तेव्हा पाणी घालू नये. अनेक चांगली अंडी याच टप्प्यावर, काळजीपोटी घातलेल्या पाण्याने बुडवली जातात, म्हणून अंडी घातल्याची तारीख डब्यावर लिहिलेली असलीच पाहिजे.

अंडे पिवळे-तपकिरी पडून पिचकले असेल, त्याला वास येत असेल आणि अंधारात टॉर्च लावून पाहिल्यावर आत लाल शिरांचे जाळे दिसत नसेल, तर ते गेले. एका लक्षणावरून मात्र निर्णय करू नये.

१३. डबा हलवताना अंडे लोळले. पाणी घालताना अंडी सरकवली तर चालतात का?

अंडी घातल्यानंतर एक-दोन दिवसांत गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला आतून चिकटतो. त्यानंतर अंडे उलटे झाले तर गर्भ बलकाखाली दाबला जाऊन मरू शकतो. म्हणून अंडी उचलतानाच मऊ पेन्सिलीने माथ्यावर लहानशी खूण करावी, पेनाने करू नये. अंडे लोळले असेल तर खूण वर येईल असे सावकाश फिरवून ठेवावे आणि वाट पाहावी. नुकतेच लोळलेले अंडे बहुधा वाचते. सापांची एकमेकांना चिकटलेली अंडी ओढून सोडवू नयेत. पूर्ण गठ्ठा तसाच ठेवावा आणि त्याचा तळ तेवढा माध्यमावर टेकवावा.

१४. अंड्यांवर बुरशी आली आहे. पाणी कमी करावे का?

प्रथम बुरशी कोठे आहे ते पाहावे. फलन न झालेल्या किंवा मेलेल्या अंड्यावर ती आधी येते, आणि असे अंडे सुटे असेल तर काढून टाकावे. ते गठ्ठ्यात असेल तर राहू द्यावे. जिवंत अंडे शेजारच्या बुरशीला बऱ्याच वेळा तोंड देते. चांगल्या अंड्यावर ठिपका दिसला तर कोरड्या, मऊ ब्रशने हलकेच झाडावा आणि डब्याला थोडी अधिक हवा द्यावी. काही जण पायाच्या बुरशीवरची औषधी पावडर चिमूटभर लावतात. मी ते सुचवत नाही, कारण कवचातून काय आत जाईल हे आपल्या हातात नसते.

सगळीकडे बुरशी पसरत असेल तर माध्यम जास्त ओले आहे. कोरड्या व्हर्मिक्युलाईटचा पातळ थर अंड्यांच्या मधल्या जागेत घालावा, तो जास्तीचे पाणी टिपून घेतो.

१५. पावसाळ्यात वीज तासन्‌तास जाते. आणि चवथीला चार दिवस गावी जायचे असते. अंडी कशी टिकतील?

विजेचा खोळंबा वाटतो तितका घातक नसतो. जून-जुलैत घरातले तापमान क्वचितच २५ अंशांच्या खाली जाते, आणि काही तासांच्या थंडाव्याने बहुतेक प्रजातींच्या गर्भाची वाढ फक्त मंदावते. अतिउष्णता त्याहून कितीतरी धोक्याची. खरी अडचण दमटपणाची आहे. पेटी गार होऊ लागली, की डब्यातले बाष्प झाकणावर जमते, म्हणून वीज आल्यावर झाकण पुसावे. पेटीत पाण्याने भरलेल्या दोन-तीन बंद बाटल्या ठेवल्या, तर तापमान सावकाश उतरते आणि सावकाश चढते. वीज गेलेली असताना पेटी वारंवार उघडून पाहू नये.

चवथीसाठी वेगळी तयारी लागत नाही. घट्ट झाकणाच्या, पुरेसे माध्यम असलेल्या डब्याचे वजन आठवड्यात काही ग्रॅमच उतरते. निघण्याच्या आदल्या दिवशी वजन करून लागेल तेवढेच पाणी घालावे. ‘असू दे जास्तीचे’ म्हणून वर घालू नये. थर्मोस्टॅट (पेटीचे तापमान राखणारे यंत्र) इन्व्हर्टरवर असावा. शेजाऱ्यांना किल्ली द्यायची असेल तर त्यांना फक्त तापमानाचा आकडा पाहायला सांगावे, झाकण उघडायला सांगू नये.

१६. क्रेस्टेड गेको या पालीसारख्या प्राण्याच्या अंड्यांना थंडावा लागतो, म्हणून डबा एसीच्या खोलीत ठेवला आहे. तेथे काय वेगळे करावे?

एसी हवेतले पाणी काढून टाकतो. २४ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेच्या खोलीतून डब्याचे पाणी पावसाळी खोलीपेक्षा बऱ्याच वेगाने उडते. क्रेस्टेड गेकोची अंडी २२ ते २६ अंशांवर उबवतात, आणि एप्रिल-मेमध्ये गोव्यात विनाएसी खोलीत हे तापमान मिळत नाही, त्यामुळे एसी टाळता येणार नाही. मात्र भोके कमी ठेवावीत, डबा एसीच्या झोतापासून दूर ठेवावा आणि वजन आठवड्याऐवजी तीन दिवसांनी करावे. रात्री एसी आणि दिवसा बंद, असा क्रम सर्वांत वाईट, कारण त्यात सकाळी थेंब आणि दुपारी कोरडेपणा असे दोन्ही दोष येतात. पेटी गरम करून इतर अंडी याच खोलीत ठेवणाऱ्यांनी प्रश्न ३ मधला हिशेब पुन्हा पाहावा. अशी हवा ३१ अंशांपर्यंत तापली, की आर्द्रता ३५ टक्क्यांच्याही खाली जाते.

१७. परसातल्या कुंडीत, पानांच्या ढिगात अंडी सापडली. ती पावसाने भिजतील म्हणून घरात आणून उबवू का?

आणू नयेत. ती सरड्याची असतील, धामणीची असतील किंवा आणखी कोणाची. मादीने ती जागा ओल आणि ऊब पाहूनच निवडलेली असते. हात लागलाच असेल तर माती परत हलकेच लोटावी आणि वर पाने पसरावीत. बांधकाम, जेसीबी अशा कारणाने जागा जाणारच असेल, तर वनखात्याला कळवून त्यांच्या लोकांनाच अंडी हलवू द्यावीत. समुद्रकिनाऱ्यावर कासवाचे घरटे दिसले तर जवळ उभे न राहता लगेच वनखात्याच्या रक्षकांना सांगावे. भिंतीच्या फटीत चिकटलेली दोन लहान पांढरी, गोल, कठीण अंडी पालीची असतात आणि त्यांना कोणाच्याही मदतीची गरज नसते.

१८. दमटपणाने पिल्लांचे लिंग बदलते का?

रेड-इअर्ड स्लायडरसारख्या कासवांत लिंग उबवणीच्या मधल्या काळातील तापमानावर ठरते. कमी तापमानाला नर, अधिक तापमानाला माद्या, आणि दोहोंमधली सीमा २९ अंशांच्या आसपास. दमटपणाचा संबंध येतो तो आडवाटेने. फार ओल्या माध्यमातून पाणी उडत राहिले तर अंडी तापमापकाच्या आकड्यापेक्षा थोडी गार राहू शकतात, म्हणून तापमापकाचे टोक अंड्यांच्या शेजारी, माध्यमातच ठेवावे. सापांत मात्र लिंग गुणसूत्रांवर ठरते.

१९. पहिल्या अंड्याला चीर पडली. आता पाणी वाढवावे का?

पाणी वाढवू नये, पण असलेला दमटपणा उतरूही देऊ नये. पिल्लू तोंड बाहेर काढून एक-दोन दिवस तसेच पडून राहते. या काळात ते उरलेला बलक पोटात ओढून घेत असते. हवा कोरडी झाली तर कवचाच्या आतले पापुद्रे सुकून पिल्लाला चिकटतात आणि ते अडकते. झाकण बंद ठेवावे, दिवसातून एकदाच पाहावे, अंडे कापून पिल्लू बाहेर काढू नये. बाहेर आलेल्या पिल्लाला ओलसर टिश्यू पेपरावर वेगळ्या डब्यात ठेवावे, आणि पोटावर बलकाची पिशवी अजून दिसत असेल तर ती आत जाईपर्यंत त्याला हाताळू नये.

२०. दिवस उलटून गेले तरी अंडी फुटत नाहीत. दमटपणा चुकला का?

उशिराचे पहिले कारण बहुधा तापमान असते. दोन अंशांनी कमी तापमानात कॉर्न स्नेकची अंडी आठवडा-दोन आठवडे मागे पडू शकतात. म्हणून आधी दुसऱ्या, खात्रीच्या तापमापकाने पेटी तपासावी. टॉर्चच्या उजेडात अंड्याचा बहुतेक भाग गडद दिसत असेल, शिरा असतील किंवा आत हालचाल जाणवत असेल, तर पिल्लू जिवंत आहे. वजन जागेवर ठेवून थांबावे. तारीख उलटली म्हणून पाणी वाढवू नये आणि पेटीचे तापमानही चढवू नये. सगळी अंडी हलकी, पिवळी आणि पोकळ वाटू लागली असतील तर त्यांतले एक उघडून गर्भ कोणत्या टप्प्यावर थांबला ते पाहावे. पूर्ण वाढलेले, पण कवचाला सुकून चिकटलेले पिल्लू दिसले तर शेवटच्या दिवसांत डबा कोरडा पडला. पूर्ण वाढलेले पिल्लू आतच पाण्याने भरलेल्या, ताणलेल्या कवचात मेलेले दिसले तर माध्यम फार ओले होते. काय दिसले ते पेटीच्या वहीत तारखेसह लिहून ठेवावे आणि पुढच्या वेळी पाण्याचे प्रमाण त्यावरून बदलावे, पण एका वेळी वजनाने दहा टक्क्यांहून अधिक नाही.